आबांची पावलं फय्याजच्या मनगटावर

कारंजा लाड
१० नोव्हेंबर २०२५

चि. शुभांगी हिस अ. उ. आ.

तुंय् तुंय् ठक्. तुंय् तुंय् ठक्. हा आवाज तू ऐकलेला नाहीस. मी आणि माझा दोस्त फय्याज तिसरीत असताना शाळेच्या खिडकीसमोर त्याचे अब्बा कापूस पिंजायचे. धनुष्यासारखी मोठी पिंजण, तिच्या ताणलेल्या तातीवर लाकडी मुठीचा टोला. गुरुजी कविता सांगायला लागले की अख्खा वर्ग नकळत त्या ठोक्यावर म्हणू लागायचा. गुरुजींची चाल वेगळी, कापसाची वेगळी, जिंकायचा कापूस. अजूनही एखादी कविता ओठावर आली की आधी नाकात रुई गेल्यासारखं होतं आणि शिंक येते.

असो. तुझ्या बाबाने, हरीओमने, दिवाळीत माझ्या मनगटाला बांधलेलं घड्याळ दिसायला देखणं आहे, पण त्याला भाजीपाल्यातलं काही कळत नाही. मी मेथीच्या वाफ्यात उकिडवा बसून खुरपतो, सरकत सरकत या बांधापासून त्या बांधापर्यंत जातो. कंबर बोलते, गुडघे बोलतात, आणि हे म्हणतं, तुम्ही बराच वेळ बसून आहात, जरा उठा. वर पुण्याला चुगली करतं. संध्याकाळी हरीओमचा फोन. आबा, तुम्ही नुसते बसून असता, असंच चाललं तर संक्रांतीला तुम्हाला इकडे घेऊन येतो. तिथे बाराव्या मजल्यावर मी खुरपू काय, तुळशीची कुंडी?

दोन ओळी सुचल्या आहेत, हसू नकोस:
मनगटावर बसली मैना,
ऊठ म्हणे, पण गाईना.

लोभ आहेच, त्याला चार्जर लागत नाही.

तुझा,
गुलाबराव आबा

*

पुणे
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

ती. आबांस शि. सा. न. वि. वि.

रविवारी मी फोन पिठाच्या डब्यावर, अगदी वरच्या फळीवर ठेवते आणि स्टूल शेजारच्या काकूंना देऊन टाकते. म्हणून हे पत्र. अर्ध्या पानातच बोटं दुखली. तुम्ही पानंच्या पानं कशी लिहिता?

माझ्या फोनात एक झाड आहे. काम करताना फोनला हात लावला नाही तर ते वाढतं, लावला की वाळतं. वाढलंय का ते बघायला मी सारखा फोन उघडते, त्यामुळे आजवर एकही जगलं नाही. तुम्ही मेथी लावता, मी सरपण.

बाबांचं घड्याळ त्यांना दीर्घ श्वास घ्या म्हणतं. ते त्याला सांगतात, मीटिंगनंतर. त्यांच्या ऑफिसात चालण्याची स्पर्धा आहे आणि बाबा तळाला आहेत, पण मंगळवारपासून तुमच्या पावलांच्या आकड्यांवर कॉलर ताठ करून फिरतात. सगळ्यांना दाखवतात, बघा, माझे वडील. आबा, एकाएकी एवढं चालता तरी कुठे? आई म्हणते, कारंज्याहून मानोऱ्याला पायी जाऊन आले की काय.

उत्तराची वाट पाहते. तुमचे आशीर्वाद असेच चालू, नव्हे, धावू द्या.

तुमची,
शुभांगी

*

कारंजा लाड
२२ नोव्हेंबर २०२५

चि. शुभांगी हिस अ. उ. आ.

कुठे बोलू नकोस. तुला मागचं पत्र टाकलं त्याच सोमवारी तुझ्यासाठी रजई भरायला टाकायची म्हणून फय्याजच्या दुकानात गेलो. लाईन गेलेली, पिंजायची मशीन बंद. त्याने भिंतीवरची अब्बांची पिंजण काढली. मी गंमत म्हणून माझं घड्याळ त्याच्या उजव्या हाताला बांधलं आणि त्याने टोले मारायला सुरुवात केली. मी ओट्यावर बसून तिसरीतल्या कविता म्हणत होतो, आणि घड्याळ प्रत्येक टोला माझं पाऊल म्हणून मोजत होतं. शेवटी त्याच्या काचेवर चक्क फटाके फुटले.

फय्याजचे डोळे भरून आले. म्हणाला, जिंदगीभर कापूस पिंजला गुलाब्या, शाबासकी कोणं देल्ली नाही, अन् हे फटाके फोडून राह्यलं. मी पुण्याचं संकट सांगितलं, तर म्हणतो, तू कायले घाबरतं, तुह्ये पाय मी चालवतो.

तेव्हापासून रोज मशीन झाकलेली आणि पिंजण चालू. त्याच्या घरच्या अन्वरी भाभी वैतागल्या आहेत. गिऱ्हाईक नसलं की हा घरातल्या उशा फाडतो. काल भाभी नमाज आटोपून टेकायला गेल्या, तर तक्क्याची नुसती खोळ. मला निरोप धाडला, तुमच्या दोस्ताले सांगा, आता निस्ता माह्या चोटीवर हात टाकाचा राह्यला.

माया पातळ होऊ देऊ नकोस, रजई जाड भरतो आहे.

तुझा,
गुलाबराव आबा

*

पुणे
रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

ती. आबांस शि. सा. न. वि. वि.

हसून पोट दुखलं, पण आता गंभीर ऐका. गुरुवारी बाबा तुमच्याशी फोनवर बोलत होते. तुम्ही निवांतपणे वांग्यांवरच्या किडीबद्दल सांगत होतात, आणि त्याच वेळी बाबांच्या फोनात तुम्ही धावत होतात. बाबांनी फोन ठेवला आणि जेवताना तो आकडा दोनदा उघडून पाहिला. मग म्हणाले, संक्रांतीला आबांना आणायचंच. मी तोंड उघडलेलं नाही, पण माझा चेहरा फार बोलतो.

फय्याज आजोबांना नमस्कार. भाभीआजींच्या वेणीला जपा.

काळजीत असलेली,
शुभांगी

*

कारंजा लाड
५ डिसेंबर २०२५

चि. शुभांगी हिस अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मेथीत मन लागेना. चोरी अंगाशी आली. आज दुपारी फय्याज पिंजण खांद्यावर घेऊन माझ्या ओसरीवरच आला आहे, भाभींनी दुकानातून हाकललं म्हणून. तुझ्या रजईचा शेवटचा कापूस तो पिंजतो आहे, घड्याळ त्याच्याच हाताला. म्हणतो, संक्रांतीले पोरगा आला का मीच सांगीन, का लबाडी माही हाये, तुह्या बापाले सोड. मी म्हटलं, तो सोडणार नाही. इथून गेलो तर हा ठोका कुठून ऐकू? लिफ्टमध्ये कोणती कविता म्हणू? यावर त्याने टोले जोरात मारले. सगळ्या ओसरीत रुई उडते आहे, या कागदावरही बसली आहे, झटकून घे.

थांब, फाटक वाजलं.

अगं, हरीओम आला आहे. फोन नाही, निरोप नाही, खांद्याला एकच पिशवी. ऑफिसला सुट्टी टाकून आलो म्हणाला. फय्याजचा हात वरच्यावर थांबला, मी हातातली लेखणी खाली ठेवली नाही, म्हणून जसं घडतं आहे तसं लिहितो. तो फय्याजच्या मनगटाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. दोघांच्याही भुवयांवर रुई. मी म्हटलं, ये, पाय धू. त्याने पायरीवर बसून लांब श्वास घेतला, घड्याळाने न सांगता. पुण्याचं नाव काढलं नाही. मग स्वतःचं घड्याळ सोडलं, फय्याजच्या हातावर माझ्या घड्याळाच्या शेजारी बांधलं, आणि अगदी हळू आवाजात म्हणाला की चाचा, स्पर्धा सोमवारपर्यंत आहे.

तुंय् तुंय् ठक्.

तुझा,
गुलाबराव आबा