मामाच्या जागेवर

मामा,

तुम्हाला मामा म्हणावं की नाही, यावर मी इतकी वर्षं मनातल्या मनात भांडतेय. दुसरं काही म्हणायची जिभेला सवय नाही, म्हणून मामाच.

आईला सख्खा भाऊ नव्हता. भाऊबिजेला ती अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळायची. तुम्ही शहापूरला हायवेलगत पंक्चरचं दुकान टाकलंत आणि आमच्या खानावळीत जेवायला येऊ लागलात, तेव्हा मी कॉलेजात होते. केस कापलेला, दाढी काढलेला पंजाबी. पंजाबात दिवस वाईट आहेत, म्हणून वेश बदलला असं सांगायचात. वर्षभरात तुम्ही 'नाय गो', 'आमी' असं बोलायला लागलात आणि वालाच्या बिरड्यासाठी दुसऱ्यांदा ताट पुढे करायला लागलात. आईला त्याचं कोण कौतुक!

एक दिवस मला अजून दिसतो. आई भिजवलेले वाल सोलतेय, तुम्हीही समोर पाटावर बसून सोलताय. "पहिले पोरं गुरुद्वाऱ्यात जमायची, ताई," तुम्ही सांगताय. "पंजाबवर अन्याय होतो, इतकंच बोलायची. मग सुवर्णमंदिरात फौज शिरली, दिल्लीत आमची माणसं जाळली. मग त्याच पोरांनी बंदुका घेतल्या. वेगळा मुलूख पायजे बोलले." त्या पोरांच्या संघटनेत पुढे फूट कशी पडली, एक टोळी दुसरीला खबरी ठरवून कशी मारू लागली, ज्या गावांनी त्यांना लपवलं त्याच गावांकडून ते खंडणी कशी घेऊ लागले, सगळं सांगितलंत. मग बसचं सांगितलंत. "बस थांबवली. हिंदूंना खाली उतरवलं. माजा धाकटा भाऊ दोस्ताचा हात सोडेना. त्याला बोलले, तू आपला, बाजूला हो. तो झाला नाय." दोघांनाही गोळ्या घातल्या होत्या. आईच्या हातातला वाल हातातच राहिला. "भाऊबिजेला माज्याकडं येत जा रे," ती म्हणाली, आणि तुम्ही हमसून हमसून रडलात. ते रडू कुणासाठी होतं, हे मला आज विचारायचंय.

माझ्या लग्नात मामा म्हणून मला मांडवात तुम्हीच आणलंत. मुरबाडच्या वऱ्हाडात कुजबुज झाली, तेव्हा आईने ठणकावलं, "माजा भाऊ हाय तो. मामा तोच." तुमच्या दंडाला धरून चालताना मला जराही भीती वाटली नव्हती. शिलाई मशीन दिलंत, वर दम भरलात, "शिवणं सोडलंस तर घरात पाय ठेवणार नाय."

त्याच मशीनवर शिवत होते, तेव्हा साध्या कपड्यातले पोलीस सासरी आले. सोबत पंजाबातला एक साहेब. शहापुरात सगळे तुम्हाला माझा मामा म्हणत, म्हणून ते थेट माझ्याकडे आले. मला वाटलं, तुमच्यावर कुणी आळ घेतलाय. मी तावातावाने तुमच्या भावाची गोष्ट सांगितली, दोस्ताच्या हातासकट. साहेबाने शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग म्हणाला, बाई, तो पोरगा हात सोडत नव्हता हे खरं, पण तो याचा भाऊ नव्हता. बंदूक याच्या हातात होती.

मामा, खून तर केलातच. वर त्या पोराच्या घरच्यांचं दुःख चोरलंत, आणि ते दाखवून आमच्या घरात जेवलात. मी तर तुमची वकिली करत बसले होते, सासू-सासऱ्यांसमोर! कितीतरी दिवस मला ओटीवर मान वर करून बसता आलं नाही. पण आईचं जे झालं ते बघवत नव्हतं. ती एकच बोलायची, "त्या पोराला भन असंल गो. तिचा भाऊ खाल्लान, नि माज्या पाटावर येऊन बसला." त्यानंतर तिने भाऊबीजच सोडली.

तुम्हाला पकडून पंजाबात नेलं. काही वर्षांनी तुम्ही तिकडच्या तुरुंगात आजारी पडून गेलात. ओळखीच्या हवालदाराने आईला सांगितलं. आपल्यात नात्यातलं माणूस गेल्याचं कळलं की डोक्यावरून आंघोळ करतात, परक्यासाठी कुणी करत नाही. आई त्याला म्हणाली, "कोन मेला? मला भाऊ नव्हता," आणि भात टाकायला आत गेली. मग मला फोन केला. "तू पन न्हाऊ नको गो."

"नाय न्हाणार," मी म्हटलं. आणि ते मी मनापासून म्हटलं होतं.

दुपारी भांडी घासायला मोरीत गेले आणि डोक्यावर तांब्या ओतला. सासूने विचारलं, मधेच केस कसे ओले? म्हटलं, धूळ बसली होती. आईला हे शेवटपर्यंत सांगितलं नाही. आणि तुम्हाला ते कळावं, असं मला अजूनही वाटत नाही.