जगतापकाकांचं खोबरं

ड्रेस्डेन, रविवार

प्रिय आई,

तुला आणि बाबांना नमस्कार. थंडी आहे, पण हीटर चालू असतो आणि मी वेळेवर जेवते. बाबांचा गुडघा कसा आहे?

गणपतीत तुला फोनवर आरती ऐकवली होती ना, तो खणखणीत आवाज जगतापकाकांचा. दुकान जाळलं म्हणून ते कराचीहून पळून आले होते आणि इथे निर्वासितांच्या सरकारी वसतिगृहात, हाइममध्ये राहत होते. चार पिढ्या कराचीत, तरी घरात मराठीच. प्रसाद वाटताना आमच्या मराठी ग्रुपच्या ध्रुवदादाने सवयीने विचारलं, "काका, गाव कोणतं?" त्यांनी खरं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याने त्यांना ग्रुपमधून काढून टाकलं. "माणूस चांगला आहे गं, पण पासपोर्ट पाकिस्तानी. उद्या चौकशी झाली तर आपल्या नोकऱ्यांचं काय?" म्हणे. मी कडाकडा भांडले आणि ग्रुप सोडला.

त्यांचंही कुलदैवत जेजुरीचंच. भारताचा व्हिसा कधी मिळाला नाही, त्यामुळे घरातल्या कुणीच गड पाहिलेला नाही. सुट्टीला तिकडे येणाऱ्या माझ्या मैत्रिणीबरोबर, ईप्सिताबरोबर, या पत्रासोबत पाठवलेली खोबऱ्याची वाटी त्यांनीच दिली आहे.

त्यांचा आश्रयाचा अर्ज फेटाळला आणि गेल्या सोमवारी पोलिसांनी त्यांना कराचीला परतीच्या विमानात बसवलं. तेव्हापासून फोन लागत नाही. तू वेळेवर जेवतेस ना गं?

चंपाषष्ठीला जाशील तेव्हा त्यांच्या नावाने अभिषेक कर आणि हे खोबरं उधळ. गुरव नाव-गाव विचारतील. नाव मोहन जगताप सांग. गाव मात्र, मी एवढी भांडले तरी सांगते आई, चारचौघांत कराची म्हणू नकोस. आपलं सासवडच सांग.

तुझीच,
मैथिली