परदेशी आगगाडीची खोली आणि तिची वीज

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा पडदे शिवण्याचा, पूर्ण शुद्धीवर हे मृत्युपत्र लिहून ठेवते. पाय गेले आहेत, डोकं जागेवर आहे. शंका असेल त्याने शेजारी बसलेल्या डॉक्टरांना विचारावं. हे मी कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. दडपण आणायचा प्रयत्न झाला, ते पुढे येईलच.

१. हे घर, वरचा आणि खालचा मजला मिळून, माझ्या धाकट्या मुलीला. खाली भाड्याने राहणारं जोडपं आणि त्यांची जुळी बाळं यांना तिने हलवू नये. थोरल्या मुलाला घर का नाही, त्याचं कारण असं:

माझे पती बोटीवर नोकरीला होते. परदेशातून त्यांनी खेळातल्या आगगाडीचा आख्खा संच आणला: इंजिनं, डबे, रूळ आणि गाडीला वीज पुरवणारी काळी पेटी. तिकडच्या भिंतीतली वीज एकशे वीस व्होल्टची, आपल्याकडची दोनशे तीस. म्हणून त्यांनी टेबलाखाली व्होल्टेज उतरवणारा एक जडशीळ ट्रान्सफॉर्मर बसवला. ते होते तोवर गाडी बिनघोर धावली.

ते गेल्यावर थोरल्याने तो ट्रान्सफॉर्मर भंगारात घातला आणि बाजारातून परदेशी पिन आपल्या भिंतीत बसवणारा जोड आणला.

मी म्हटलं, "अरे, याने पिन बसेल, वीज थोडीच कमी होणार?"

"आई, भिंतीत बसतंय ना? मग चालतंय."

पेटी गुरगुरू लागली, मग जळक्या वॉर्निशचा वास आला. धाकटी प्लग उपटायला धावली आणि पेटीने तिच्या हाताशीच पेट घेतला.

इस्पितळात थोरल्याने सांगितलं, हिने काडी पेटवली. पट्ट्यांत गुंडाळलेली पोर भावाकडे बघत राहिली. आजही तिच्या उजव्या हातात कात्री ठरत नाही. मी तिथे होते. काडी कोणीही पेटवली नव्हती. माझ्यामागे कोणी तिच्याकडे बोट दाखवू नये म्हणून हे लिहिलं.

२. आगगाडीही धाकटीला. मोडून टाकली तरी मला वाईट वाटणार नाही.

३. थोरल्याने तशीच दुसरी पेटी मागवली आहे. मला औषध देताना रोज विचारतो, "ती आगगाडीची खोली माझ्या नावावर करतेस ना?" किल्ली माझ्या उशीखाली असते, त्याने दुसरी करून घेतली असावी, कारण हल्ली भरदुपारी भिंतीपलीकडून गुरगुर येते. विचारलं की म्हणतो, "तुझे कान वाजतात." काल मात्र म्हणाला, "पाच मिनिटं चालवली, झालं का काही?" मला याचीच धास्ती बसली आहे. त्या दिवशीही पहिली पाच मिनिटं काही झालं नव्हतं. त्या टेबलाच्या बरोबर खाली जुळ्यांचा पाळणा आहे.

म्हणून माझी सही होताच, साक्षीला बोलावलेल्या वायरमनने त्या खोलीची वीज तोडावी. माझ्या मरणाची वाट बघू नये.

४. शिलाई मशीन आणि उरलेलं कापड खालच्या बाईला. तिचा हात चांगला बसला आहे. माझ्या पडद्यांना जन्मभर नाक मुरडणाऱ्या नणंदेला निळा मखमली पडदा. उलटा करून टाके बघावेत.

५. थोरल्याला वडिलांचं मनगटी घड्याळ. तापात तो माझा पदर मुठीत धरून झोपायचा, ते मी विसरलेले नाही.

लिहून देणार: (सही) पडदेवाल्या बाई
साक्षीदार: (सही) घरचे डॉक्टर, (सही) वायरमन
ठिकाण: राहतं घर, वरचा मजला
दिनांक: १४ मार्च

डॉक्टरांची नोंद: बाईंनी सर्व मजकूर वाचून आमच्यासमोर सही केली. त्यानंतर वायरमन वीज तोडायला गेले, तर खोली आतून बंद होती आणि दाराखालून जळका वास येत होता. हाकांना उत्तर मिळालं नाही. वायरमनने जिन्यातला मेन स्विच पाडला. खालच्या बाई बाळं घेऊन अंगणात गेल्या. मग थोरल्या चिरंजीवांनी दार उघडून विचारलं, "वीज कोणी घालवली? गाडी मस्त चालली होती." त्यांच्यामागे टेबल दिसत नव्हतं, इतका धूर होता.