वस्ताद, कुलूप आणि डावी चप्पल

सोमवार, कार्तिक वद्य द्वितीया

स्वस्ति श्री कर्वेनगरस्थ-तृतीयमजलाधीश, उद्वाहनविरहित-सोपानारोहणधुरंधर, खराडी-प्रांतीच्या काचमहालातील ज्येष्ठ वेतनोपजीवी, संकेतस्थळ-चिकित्सामार्तंड, सौ.च्या आज्ञेचे एकनिष्ठ परिपालक अशा आमच्या मनगटावर आज एका पहिलवानाच्या पाचही बोटांची राजमुद्रा उमटली आहे. इति मंगलाचरणम्.

पहिलवान म्हणजे दत्तूभाऊ. कचेरीमागच्या गावठाणात त्यांची तालीम. तिचे संकेतस्थळ आमच्या कचेरीकडे. पालक मुलांच्या प्रवेशासाठी पान उघडतात आणि ब्राउझर बजावतो, हे पान पूर्णतः सुरक्षित नाही. पत्त्याशेजारचे चिमुकले कुलूप गायब. पालक पसार.

"सायेब, शनवारपतूर त्या पानाला कुलूप दिसलं न्हाई, तर मी तुमाला घालीन. भायेरनं."

मनगट सोडायचे त्यांच्या बराच वेळ ध्यानात आले नाही.

बुधवार, चतुर्थी

निदान झाले. पान येते कुलूपबंद मार्गाने. माथ्यावरचे वस्तादांचे छायाचित्र मात्र उघड्या मार्गाने, परक्याच्या यंत्रावरून, म्हणजे सर्व्हरवरून. एक जिन्नस उघड्याने आला की ब्राउझर अख्ख्या पानाचे कुलूप हिरावून घेतो. इतके कडक सोवळे आता सदाशिव पेठेतही उरलेले नाही.

ते यंत्र सर्जेरावांचे. वस्तादांचे पट्टशिष्य दोन, द. आणि स. पूर्वी तालीम एक, संकेतस्थळ एक. मग बिनसले, स.नी नदीपलीकडे दुसरी तालीम काढली. द.च्या पानावर छायाचित्राचा पत्ता तेवढा जुनाच राहिला. शेवटचा संवाद झाला तेव्हा स.चा कान फाटला होता, असे कळते. तदनंतर मौन.

मी सुचवले, छायाचित्राची प्रत करून आपल्याच यंत्रावर ठेवू. क्षुल्लक काम.

"वस्ताद चोरून आनायचा? मागून आनायचा असतोय."

"मग मागा."

"त्याला? म्या?"

हातातला माउस त्यांनी मुठीत चुरडला. तारेसकट. मी पुढील प्रश्न राखून ठेवला.

शुक्रवार, षष्ठी

अस्थिरक्षणार्थ, कोणासही न सांगता, प्रत केली. कुलूप अवतीर्ण. द.भाऊंनी कसे केले ते विचारले नाही, आलिंगन दिले. बरगडीतून एक स्वतंत्र ध्वनी आला. पेढे उत्तम होते, चावताना दुखले.

शनिवार, सप्तमी

डाव्या हाताने लिहितो. उजवी अनामिका मोडली आहे.

सत्कारासाठी तालमीत बोलावले होते. पादत्राणे दाराशी काढून आत गेलो. श्रीफळ हाती पडते न पडते तोच सर्जेराव शिष्यगणासह दारात.

"दत्त्या! तुज्या पानावर कुनीबी आलं, की वस्तादांसाठी माज्या दारात यावं लागायचं. रोज यंत्रावर बघत हुतो मी. काल एक बी आलं न्हाई. कुनी चोरला वस्ताद?"

द.भाऊंनी माझ्याकडे पाहिले. ती दृष्टी मी मरेपर्यंत विसरणार नाही. मरण फार दूर नाही असेच तेव्हा वाटले. तरीही ते बोलले ते स.शीच. "माज्या तालमीत येऊन मला चोर म्हनतो?"

मग शब्द संपले. मुद्गल फिरले. संगणकाचा पडदा फुटला, त्यामागून कोणाचे तरी नाक. तांबड्या मातीत रक्त दिसत नाही, ही तिची सोय आज कळली. दात मात्र दिसतात. मी श्रीफळ पोटाशी धरून मेजाखाली. बोट तिथेच कोणाच्या टाचेखाली गेले. कोणीतरी माझी डावी चप्पल उचलून द.भाऊंच्या थोबाडात हाणली, आणि मग...

वस्ताद आले. कृश मूर्ती, हाती काठी. ती दोघांच्या पाठीवर मोडेपर्यंत चालवली. ऐंशीकडे झुकलेल्या माणसाचा मार दोघे मान खाली घालून खात होते.

"फोटो माजा. मला कुनी इचारलं?"

आणि निघून गेले. काठीचे तुकडे दोघांनी वेचले. एकमेकांकडे न पाहता.

सोमवार, नवमी

द.भाऊंचे पाचारण. जबडा बांधलेला. वाटले, आता आमची पाळी. परंतु स्वर मऊ.

"पैल्यावानी करा."

"कुलूप जाईल, भाऊ. पालकही जातील."

त्यांनी पायाने माती सारखी केली. मग, "त्याच्या दारातनं येत हुते वस्ताद. आमचं तेवढंच येनंजानं हुतं."

आणि जबडा सावरत, "आन् कुलूप बी पायजे."

उपाय एकच. सर्जेरावांच्याच यंत्राचा मार्ग कुलूपबंद करणे. त्यासाठी कोणीतरी नदीपलीकडे जाऊन विचारले पाहिजे.

"तुमी जावा. म्या धाडलं म्हनू नका." दारापर्यंत गेलो तर मागून, "कान बरा हाय का, तेवढं बघा."

मंगळवार, दशमी

सर्जेरावांना फोन केला. विषय काढण्यापूर्वीच, "तुमची डावी चप्पल माज्याकडं हाय. येऊन न्यावी. एकट्यानं." मागे मुद्गल आपटल्याचा आवाज. व्यायाम असावा.

सौ.: "अहो, जाणारच असाल तर उजवी घालून जा. येताना जोड होईल."

येताना, हे पद तिने कशाच्या बळावर योजले, कळत नाही.

दुकानदारास विचारले, एकट्या डाव्या पायाची मिळेल काय? "जोडच घ्यावा लागेल" म्हणाला, आणि गिऱ्हाइकाकडे पाहावे तसेही पाहिले नाही. उजवी याच दिवाळीची, टाचही झिजलेली नाही, टाकवत नाही. नदीपलीकडे जाण्याचा धीर होईतो कचेरीचे बूट घालतो. ते करंगळीला चावतात, आणि मोडक्या बोटाने नाडी बांधता येत नाही.