फवारणीच्या नळीचा हिरवा तुकडा

सौंसर, मंगळवार, दिवेलागण

जावयाने जुन्या जीपला ताकद वाढवायला टर्बो बसवला, तेव्हापासून तेल गळायचं. टर्बोतलं तेल परत इंजिनात नेणारी नळी चिरली होती. महिन्यापूर्वी मीच ती बदलली. संत्र्याच्या फवारणीच्या नळीचा तुकडा कापून लावला. हिरवागार, अगदी मापाचा. किती मिरवलो तेव्हा!

आज पुन्हा अंगणात टप टप. मी ऐकतच बसलो, वर्गात कवितेच्या मात्रा मोजायचो तसा. मुलगी सुनंदा म्हणाली, "बाबा, कविता मंग! पांढुर्ण्याले मिस्त्रीकडे चला."

मिस्त्रीने तो हिरवा तुकडा ओढला, तर शिजल्या शेंगेसारखा त्याच्या हातात फाटला.

"मास्तर, कोनं केलं हे? यातून कढत तेल जाते न जी! बाजूले सायलेन्सर तापून राहिला. त्यावर धार पडली असती तं गाडीच पेटली असती."

"मीच केलं," म्हणालो. त्याने ताप सोसणारी जाड नळी उतार देऊन बसवली, दोन्हीकडे पट्ट्या आवळल्या.

परतताना सुनंदा हळूच म्हणाली, "बाबा, काल शाळेत जाताना रामाकोना गावाजवळ जळका वास आला होता. मले वाटलं, कोनी वावरात कापसाच्या पऱ्हाट्या जाळून राहिलं."

नात मिनू तिच्यासोबतच असते. त्याच गाडीत. रोज.

"मंग काय केलं तू?"

"काचा लावल्या. अन् मिनूले म्हटलं, आबाची कविता म्हन."