मोटारीच्या पत्र्याचं भोक

शुक्रवार, १४ जून १९७४

अजून हसू येतंय. वाईट वाटायला हवं का? नाही वाटत.

धाकट्या दिरांनी, वसंतभावजींनी, गेल्या वर्षी आमची मोटार महिनाभर मालवणला नेली. मी बजावलं होतं, खालून गोड्या पाण्यानं धुवा, तेलाचा हात मारा. "मीठ काय लोखंड खातंय व्हय, वहिनी?" म्हणाले. खाऱ्या वाळूतून खुशाल हिंडवली. आता मागच्या सीटपुढचा पत्रा गंजून वीतभर भोक पडलंय, आणि भावजी सांगत सुटलेत, "गाडीच जुनी हाय."

आज त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे येणार, म्हणून किल्ली मागायला आले. मी हसत दिली. भोकावर रबरी मॅट होती. सांगायला हवं होतं का? विचारलं कुणी?

स्टँडवरून पाहुण्यांना आणताना डबक्यातलं पाणी त्या भोकातून उसळलं. मुलाच्या वडिलांचं पांढरंशुभ्र धोतर चिखलानं माखलं.

संध्याकाळी भावजी तणतणत आले. "भोक हाय म्हणून सांगायचं न्हाय व्हय?"

"तुम्हीच मिठात मुरवून आणलीत की!"

पोरीचं जमलं, ते बरं झालं. तिचा काय दोष? रात्री जेवताना मी आणखी एक भाकरी वाढून घेतली.