मोहरेची झिजलेली कड

प्रिय भरत,

पिंपळवंडीच्या ओट्यावर आई सहाणेवर बाळगुटी उगाळायची, शेवटी पणजीची सोन्याची मोहर दोन वेढे फिरवायची आणि तू जीभ काढून बसायचास, आठवतं? तू अशक्त, म्हणून पाच वर्षांचा होईपर्यंत तुला ती चाटवली.

आई गेल्यावर तू मोहर माझ्याकडून पुण्याच्या नाणेवाल्याकडे नेलीस. वजन कमी म्हणून त्याने ती खोटी ठरवली. वर्षश्राद्धाला तू ती सगळ्यांसमोर माझ्यापुढे टाकून म्हणालास, "अक्के, खरी तू ठिवलीस आन् आमाला ही दावतीस व्हय?" त्यानंतर चार वर्षं बोलला नाहीस. तुझ्या लेकीच्या, हर्षालीच्या बाळाच्या बारशालाही मला बोलावलं नाहीस.

काल जुन्नरच्या सोनाराने ती कसोटीवर घासली. म्हणाला, "सोनं अस्सल हाय, बाई. पण एक कड लई झिजलीय. कुणी खाल्ली?"

मला हसू आलं, मग इतका राग आला की रडू फुटलं. तूच खाल्लीस रे, आणि तुलाच आठवत नाही.

हेही पत्र मी टाकणार नाही, पेटीतच राहील. माझ्यामागे मोहर हर्षालीच्या बाळाला द्यावी. सहाण मात्र तुला. तिच्या खळग्यातून एकदा बोट फिरव.

तुझीच,
अक्का